घड्याळाच्या मिठाईचा कळक

मित्रांनो, तुम्ही मला एखाद्या जत्रेत पाहिले असेल, तरी माझ्याकडे तुमचे लक्ष गेले नसणार. ते गेले असणार माझ्या डोक्यावर टाळ्या वाजवणाऱ्या बाहुलीकडे, नाहीतर तिच्या पायाशी गुंडाळलेल्या गुलाबी-पांढऱ्या मिठाईकडे. त्या दोघींना पन्नास वर्षे उचलून धरणारा, तेलकट, काळपट आणि आता थोडासा वाकलेला जुना कळक म्हणजे मी. कळक म्हणजे जाड बांबू. शहरातल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म मेढ्याच्या बाजूच्या डोंगरात झाला. आमचे बांबूचे बेट एका ओढ्याच्या काठाला होते. तिथे आम्ही शंभरएक भावंडे दाटीवाटीने उभी असायचो आणि वारा सुटला की एकमेकांच्या अंगावर रेलून कुरकुरायचो. पुढे माझ्या भावंडांपैकी कुणाच्या टोपल्या झाल्या, कुणाची शिडी झाली, कुणी मांडवाला गेले. मला न्यायला मात्र थेट सांगलीजवळच्या माधवनगरहून एक तरुण आला. त्याचे नाव रसूल. एका बांबूसाठी एवढा प्रवास कुणी करते का, असे आमच्या मालकाने त्याला विचारले. रसूल म्हणाला की मला बांबू नको आहे, जन्मभराचा जोडीदार हवा आहे. मग त्याने एकेका कळकावर बोटे वाजवून पाहिली आणि माझ्यापाशी येऊन थांबला. खरे सांगू? त्या दिवशी मला जी ऐट आली, ती पुढे बरीच वर्षे उतरली नाही.

घरी आणल्यावर त्याने मला धुरावर शेकले, करडईचे तेल चोळले आणि महिनाभर सावलीत उभे करून ठेवले. कीड लागू नये म्हणून हे सगळे करतात. मग माझ्या टोकाला बाहुली बसली. ती शिवली सुगराबीने. सुगराबी म्हणजे रसूलची बायको, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. तिने बाहुलीला हिरवा घागरा घातला, डोळ्यांत काजळ रेखले आणि हातांत दोन पितळी चकत्या दिल्या. चकत्यांची दोरी माझ्या अंगावरून खाली रसूलच्या बोटापर्यंत यायची. दोरी ओढली की बाहुली छनछन टाळ्या वाजवायची आणि सगळी पोरे तिच्याकडे धावायची. मला ती फारशी आवडत नसे. स्वतः काही करायचे नाही आणि कौतुक मात्र सगळे आपल्याकडे ओढून घ्यायचे, हे मला पटत नसे. पण हे तिला सांगू नका. आम्हांला अजून एकत्र राहायचे आहे.

आता मिठाईचे सांगतो. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी खाऊ म्हणजे काय असे. लिमलेटच्या गोळ्या, जिरागोळी, कागदाच्या पुडीतले बोरकूट, संत्र्याच्या फोडीसारखी दिसणारी गोळी. जत्रा आली की भेंड-बत्तासे आणि गोडी शेव. आणि या सगळ्यांत भाव खाणारी आमची घड्याळाची मिठाई. कुणी तिला बॉम्बे मिठाई म्हणत. मुंबईचा आणि तिचा काय संबंध, ते मला अजूनही कळलेले नाही. मऊ, चिवट, चकचकीत साखर. रसूल तिची एक तार ओढायचा, दुसऱ्या रंगाच्या तारेचा तिला पीळ द्यायचा आणि बघता बघता समोरच्या पोराच्या मनगटावर घड्याळ बांधून मोकळा व्हायचा. पट्टा, तबकडी, दोन काटे आणि बाजूला चावीसुद्धा. ज्याला घड्याळ नको त्याला मोर, विंचू किंवा सायकल. मुली आधी अंगठी मागायच्या आणि अंगठी मिळाली की घड्याळही मागायच्या. पोरे दहा पावले ऐटीत चालायची, मग हळूच मनगट चाटायची, आणि घरी पोचेपर्यंत घड्याळ पोटात गेलेले असायचे.

रसूलचा एक रिवाज होता. जत्रेत पोचल्यावर पहिली चिमूट तो विकायचा नाही. समोर जे सगळ्यांत लहान मूल असेल त्याच्या गालाला ती चिकटवायचा. मूल जीभ बाहेर काढून ती चिमूट गाठायचा प्रयत्न करायचे, बघणारे हसायचे आणि गर्दी जमायची. एस.टी.च्या टपावर बांधून घेऊन मी मिरजेच्या उरुसाला गेलो, खरसुंडीला गेलो, मेढ्याच्या बाजारालाही गेलो. माहेरी गेल्यावर कसे वाटते, ते मला विचारा. पण आमची खरी जत्रा म्हसवडची. मार्गशीर्ष लागला की तिथे सिद्धनाथाचा रथ निघतो. गुलालाने माणसे ओळखू येत नाहीत आणि तरीही लांबून आरोळी यायची की रसूलभाई आला, रसूलभाईची मिठाई आली. मी गर्दीच्या वर डोके काढून उभा असे. मला वाटे, एवढी माणसे आपल्यालाच हाक मारत आहेत.

पण मित्रांनो, एक गोष्ट त्या जत्रेतल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हती. ती मिठाई रसूल करत नसे. सुगराबी करत असे.

जत्रेच्या आदल्या दिवशी पहाटे ती चूल पेटवायची. साखरेचा पाक चढवायची, वाटीतल्या पाण्यात त्याचा थेंब सोडून बोटांनी दाबून बघायची आणि नेमक्या क्षणी त्यात अर्धे लिंबू पिळायची. लिंबू पडले नाही तर साखर फिरते, म्हणजे पुन्हा दाणेदार होऊन बसते. जास्त पडले तर ती कधीच घट्ट होत नाही. मग तेल लावलेल्या फरशीवर तो पाक ओतायचा, कडा आत दुमडत राहायचे आणि हात लावता येईल न येईल इतका गरम असतानाच उचलून भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर टाकायचा. आणि ओढायचा. ओढायचा, दुमडून पुन्हा आकड्यावर टाकायचा, पुन्हा ओढायचा. पिवळट साखर हळूहळू चांदीसारखी पांढरी होत जायची. सुगराबीच्या दोन्ही तळव्यांची कातडी जाड झाली होती, आणि उजव्या तळव्यावर तर भाजल्याचा एक लांब डाग होता. त्यानंतर तिने केलेले गोळे रसूल डब्यात भरायचा, एक माझ्या अंगावर गुंडाळायचा आणि आम्ही निघायचो. ती दारात उभी राहायची आणि आम्ही वळलो की आत जायची.

ती कधीच जत्रेला आली नाही. तिला कुणी बंदी केली होती असे नाही. आधी लेकरे लहान होती, मग सासू अंथरुणाला खिळली, मग ती सवयच झाली. तिच्या साखरेचे घड्याळ हातावर बांधून हरखलेले मूल तिने एकदाही पाहिले नव्हते. मी चुलीपाशीही असायचो आणि जत्रेतही असायचो. मला दोन्ही माहीत होते, आणि मी खुशाल मिरवत होतो.

मग दिवस पालटले. रंगीत कागदात गुंडाळलेली चॉकलेटे गावोगावच्या टपऱ्यांवर आली. पुढे कोरोनाची साथ आली आणि दोन वर्षे जत्राच भरल्या नाहीत. मला दाराआड उभे केले. रसूलचा मुलगा आसिफ मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याची बायको समीना शिवणकाम करते. पावसाळ्यात समीनाने माझ्यावर ओले कपडे वाळत घातले आणि दिवाळीत शेजाऱ्यांनी मला जळमटे काढायला नेले. ज्याच्या डोक्यावर बाहुली नाचली, त्याच्या डोक्यावर कोळ्याचे जाळे आले. आसिफ एकदा म्हणालासुद्धा, की याचे दोन तुकडे केले तर दुकानाची पाटी टांगायला बरे होईल. रसूल त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

जत्रा पुन्हा भरू लागल्या, पण रसूलची उमेद गेली होती. अशा वेळी आमच्या गल्लीतला विश्वजित आला. हा मुलगा जुन्या काळच्या खाऊचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकतो. त्याने मला पुसून अंगणात उभे केले. सुगराबीने हौसेने साखर केली. रसूलने नवी टोपी घातली, बाहुलीला टाळ्या वाजवायला लावल्या, मोर केला, घड्याळ केले. शेवटी विश्वजितने सहज विचारले, की चाचा, ही साखर कोण शिजवते?

रसूलने एक क्षणही विचार केला नाही.

"कोन शिजवनार? शिजवन्यापास्नं घड्याळापतोर समदं माज्याच हातचं हाय."

सुगराबी तेव्हा चहा घेऊन दारात आली होती. ती थबकली नाही. तिने विश्वजितच्या हातात कप दिला आणि आत गेली.

रसूल वाईट माणूस नाही. पन्नास वर्षे लोकांनी त्याला हेच सांगितले होते, आणि त्याने ते कधी खोडले नव्हते. न खोडता खोडता त्याला स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते.

तो व्हिडिओ लांबलांब गेला. चौथ्या दिवशी एक फोन आला. म्हसवडजवळच्या एका गावातले जोतीराम नावाचे निवृत्त सुभेदार बोलत होते. आठ वर्षांचे असताना त्यांनी रथाच्या दिवशी आमच्याकडून घड्याळ घेतले होते. पुढे फौजेत गेले, खरी घड्याळे पुष्कळ वापरली, पण तसे घड्याळ पुन्हा हाताला लागले नाही, असे ते म्हणाले. यंदा रथाला भावकीतली सगळी पोरे गोळा होणार होती आणि त्या पोरांना ती मिठाई दाखवायचीच, असे त्यांनी मनावर घेतले होते. मिठाई घेऊन यायचा शब्द रसूलने देऊन टाकला. रथाला आठ दिवस उरले होते.

आधी एकदा करून बघावी म्हणून दुसऱ्याच दिवशी मिठाई करायचे त्याने ठरवले, पण पहाटे चूल पेटली नाही. आदल्या रात्री सुगराबीने समीनाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ एकदा पुरता पाहिला होता. आमच्या घरात ही माणसे आपापसांत दख्खनी बोलतात, पण मी पडलो मेढ्याचा, मला आपली मराठीच सांगता येते. रसूलने साखरेचे पोते पुढे सरकवले, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "तुमच्या हातचं हाय न्हवं समदं? मग तुमीच करा."

एवढेच. ती रागावून ओरडली असती तर रसूलला सोपे गेले असते.

तोही हट्टाला पेटला. पन्नास वर्षे पाहत आलो आहे, त्यात काय अवघड आहे, असे पुटपुटत त्याने स्वतः पाक चढवला. पाहिले होते खरे, पण दारातून, मिठाई झाली का हे विचारायला डोकावताना. लिंबाचा त्याला पत्ताच नव्हता. फरशीवर ओतताच साखर फिरली आणि तिचा दाणेदार, टणक ढेपा होऊन बसला. हातोडीने फोडावा लागला. घरातल्या सगळ्यांनी तीन दिवस त्याच साखरेचा चहा प्यायला.

मग त्याने कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारले. वाणी म्हणाला की लिंबू पिळा. दुसऱ्या खेपेला रसूलने अर्धे लिंबू पिळले आणि हात धुवायला बाहेर गेला. समीनाला सासऱ्याची कीव आली होती. लिंबाचे त्यांना माहीत नसणार, असे समजून तिने मागच्या मागे गुपचूप दुसरे लिंबू कापून त्यातले अर्धे पिळून टाकले. दोघांनीही एकमेकांना सांगितले नाही. साखर दिसायला छान दिसत होती. रसूलने मोठ्या उत्साहाने ती माझ्यावर गुंडाळली, बाहुलीची दोरी ओढून पाहिली आणि जेवायला गेला. जेवून येईपर्यंत ती मिठाई माझ्या अंगावरून ओघळत जमिनीला लागली होती. पाठोपाठ मुंग्या आल्या. गुदगुल्या झाल्या तरी ज्याला खाजवता येत नाही, त्याचे हाल तुम्हांला काय सांगू!

रसूल मला मागच्या दाराबाहेर नळाखाली घासत बसला. आत सुगराबी उठली. फरशीवर उरलेली साखर तिने दोन बोटांत धरून एकदाच ताणली आणि समीनाला म्हणाली, "लिंबू दोनदा पडलंय. येक त्यांनी पिळलं, येक तू."

जीभ लावून बघितली नाही, कुणाला काही विचारले नाही. समीना ओशाळून हसली. इकडे रसूलचा हात थांबला. त्याने ते ऐकले होते. बादली भरून वाहू लागली तरी तो नुसता बसून राहिला. मलाही लाज वाटली, मित्रांनो. ज्या बाहुलीला मी जन्मभर नावे ठेवली, तिच्यात आणि माझ्यात फरक काय होता? मीही पुढे उभा राहून कौतुक घेतले होते आणि घरात कोण भाजते आहे ते ठाऊक असून मजेत होतो. मला तोंड नाही, हे खरे आहे. पण तोंड असते तरी मी बोललो असतो का, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

रसूलने मला भिंतीला टेकवले, हात पुसले आणि जोतीराम सुभेदारांना फोन लावला. त्याला फोनवरचे कमी ऐकू येते, म्हणून त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. त्याचे बोलणे सगळ्या घराला ऐकू जाते, हे त्याला माहीत होते.

"सुभेदार, मला यायला जमायचं न्हाई," तो म्हणाला. "ती मिठाई माजी न्हाईच. माज्या बायकूची हाय. मी मोबाइलवर खोटं बोललो. मला साखर शिजवाया कवाच येत न्हवती."

 आत पुन्हा तांदूळ निवडायला बसलेल्या सुगराबीचा सुपातला हात थांबला. मग सुभेदार म्हणाले, "आवं चाचा, मग ज्येंची हाय त्येंस्नी घिऊन या की. यकट्यानं या असं कोन म्हनलं तुमाला?"

फोन ठेवून रसूल आतल्या दारापाशी गेला. उंबऱ्याच्या आत जायचे धाडस त्याला झाले नाही. तो तिथेच उभा राहिला. सुगराबीच म्हणाली, "मी कशाला येऊ? इतक्या वर्सांत कवा आलीया?"

"मी कवा ये म्हनलंच न्हाई," रसूल म्हणाला. "आता म्हनतोय. चल."

 सुपातले तांदूळ पाखडून झाले, खडे वेगळे काढून झाले, तांदूळ डब्यात भरून झाले. मला वाटले, संपले सगळे. आता माझे दोन तुकडे होणार आणि आसिफच्या दुकानाची पाटी होणार. तेवढ्यात तिने पदराला हात पुसत विचारले, "तितं आकडा ठोकाया खांब हाय का?"

रथाच्या दिवशी आसिफने मित्राची गाडी आणली. गाडीत शेगडी, फरशी, साखर, लिंबे, आकडा, रसूल, समीना आणि मी. सुगराबी खिडकीशी बसली होती.  म्हसवड येईपर्यंत फरशीला तिने हाताने धरून ठेवले होते.

रथाच्या वाटेवर जोतीरामांच्या मेहुण्यांचे घर होते. तिथे मांडव घातला होता आणि मांडवाला चांगला भक्कम खांब होता. जोतीरामांची बायको साळूबाई पुढे आली. तिने सुगराबीचा हात धरून तिला बसवले, चहा दिला आणि जत्रेतल्या पाहुण्यांना सोडून तिच्यापाशीच बसून राहिली. पोरे मात्र माझ्याभोवती जमली. बाहुली वाजवा, बाहुली वाजवा, असा त्यांचा गलका सुरू झाला. जमलेली मोठी माणसे रसूलला सांगत होती की व्हिडिओ पाहिला, तुमच्या हाताला तोड नाही.  रसूल आकडा ठोकत होता.

सुगराबीने पाक चढवला. पाण्यात सोडलेला थेंब तिने दोनदा दाबून बघितला. इतक्या डोळ्यांसमोर तिने कधीच काम केले नव्हते. लिंबू पिळताना तिने समीनाकडे बघितले, तशी समीनाने आपले दोन्ही हात वर करून दाखवले. सुगराबी हसली आणि तिने पाक फरशीवर ओतून त्याच्या कडा दुमडल्या. तिने तो गोळा उचलून आकड्यावर टाकला आणि ओढला.

हळूहळू गलका कमी होत गेला. साखर ताणली जात होती, दुमडत होती, पुन्हा आकड्यावर पडत होती. पिवळी होती ती फिकी झाली, फिकी होती ती पांढरी झाली, आणि मग उन्हात चमकू लागली. पोरे आ वासून बघत राहिली. ज्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी आमची घड्याळे खाल्ली होती, त्यांनीही हे कधी बघितले नव्हते. बायका पुढे सरकल्या. एकीने न राहवून विचारले, की हात भाजत नाहीत का. सुगराबी म्हणाली की भाजतात, पण थांबले तर साखर वाया जाते.

विश्वजितही जत्रेला आला होता. त्याने मोबाइल वर धरला आणि रसूलला म्हणाला की चाचा, काहीतरी बोला. रसूलने टोपी सारखी केली. एरवी तो जत्रेत केवढ्या मोठ्याने बोलायचा! त्या दिवशी मात्र तो हळू बोलला.

"मागल्या खेपेला मी खोटं बोललो," तो म्हणाला. "साखर हिची हाय. पयल्यापास्नं हिचीच हाय. मी निस्ता गिऱ्हाइकाम्होरं हुबा ऱ्हायलो."

सगळे सुगराबीकडे बघू लागले. तिने साखर ओढायचे थांबवले नाही, कारण थांबता येत नव्हते. मान खाली घालूनच ती म्हणाली, "घड्याळ त्येंचंच हाय. मला न्हाई येत."

मित्रांनो, मी खूप बोलणी ऐकली आहेत. पण एवढ्या मोठ्या मनाचे बोलणे मी दुसरे ऐकलेले नाही. त्या क्षणी मला दोघांबद्दलही फार माया वाटली.

गोळा तयार झाला आणि माझ्यावर चढला. पण रसूलने मला हातात घेतले नाही. त्याने मला सुगराबीच्या हातात दिले. म्हणाला की तू धर, मग मला दोन्ही हातांनी करता येईल. तिने मला धरले. तो जाड तळवा, तो डाग, मला सगळे ओळखीचे होते. दोरी कशी ओढायची ते मात्र तिला कळेना. तिने ती एकदम जोरात ओढली आणि बाहुलीने इतक्या मोठ्याने टाळी वाजवली की पुढची दोन पोरे दचकली. तिने दुसऱ्यांदा ओढली ती मुद्दामच.

मग घड्याळे सुरू झाली. रसूलचे हात वयाने मंद झाले आहेत, पण काटे अजून सरळ येतात. एकेक मनगट पुढे येत होते आणि घड्याळ बांधून मागे जात होते. सुगराबी प्रत्येक पोराच्या मागे नजर पाठवत होती. ते किती पावले चालते, कधी चाटते, चाटल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, सगळे बघत होती. एक मुलगा घड्याळ न खाताच परत आला आणि आपल्या आजोबांना ते दाखवू लागला. ते आजोबा म्हणजे जोतीराम सुभेदार. त्यांनीही आपले मनगट पुढे केले. रसूलने त्यांना घड्याळ बांधले आणि ते पोरांच्या रांगेतून बाजूला होऊन भिंतीआड गेले. तिथे त्यांनी काय केले, ते मी उंच असल्यामुळे मला दिसले. पण सुभेदारांची लाज राखायला हवी.

शेवटी त्यांची चार वर्षांची नात संयोगिता आली. तिने घड्याळ बांधून घेतले, पण ती जाईना. आधी तिने बाहुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग मला धरणाऱ्या हाताकडे, आणि मग मान वर करून तिने विचारले, "आज्जी, तुजं नाव काय गं?"

सुगराबीने सवयीने रसूलकडे बघितले. जणू उत्तर त्याने द्यायचे होते. रसूलने ते दिले नाही. तो हातातल्या साखरेला पीळ देत राहिला.

"सुगरा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की गुलालाच्या आणि हलगीच्या त्या गोंधळात तो पोरीपर्यंत पोचलाच नाही.

"काय?"

"सुगरा. सुगराबी."

या वेळी ते मांडवातल्या सगळ्यांना ऐकू गेले. पोरगी वळली आणि ते नाव ओरडत पोरांच्या घोळक्यात शिरली. मग ती सगळीच पोरे ते ओरडू लागली. इतकी वर्षे मी त्या जत्रेत एकाच नावाचा पुकारा ऐकत आलो होतो. सुगराबीने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. मी जराही हललो नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असे माझ्यासारख्याने शेवटी सांगायची रीत आहे. जपलेत तर मला आनंदच होईल. वर्षातून एकदा करडईचे तेल मिळाले तरी मी अजून पुष्कळ टिकेन. पण तुमच्याकडे माझे मागणे वेगळे आहे. उद्या कुणी तुमच्या हातावर काही गोड ठेवले, तर तोंडात टाकण्याआधी विचारा, की हे केले कुणी. सांगणारा जरा चाचरला, तर सरळ घरात जा. तिथे कुणीतरी हात पुसत उभे असेल. त्यांना त्यांचे नाव विचारा. पहिल्यांदा ते नीट ऐकू येणार नाही. पुन्हा विचारा.